पोस्टकार्ड आणि ई-मेल

पोस्टकार्ड कोणीही वाचू शकतो, हे आपल्या आधीच्या पिढ्यांना पक्के ठाऊक होते. त्यामुळे पोस्टकार्डावर काय लिहावे आणि काय लिहू नये, याचे एक अलिखित शास्त्रच घरोघरी तयार झाले होते. सुखरूप पोहोचलो, पाऊसपाणी ठीक आहे, धाकट्याचा निकाल लागला, असा मजकूर पोस्टकार्डावर जाई. मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी, भावाभावांतील वाटणी, आजारपणाची खरी हकीकत, उसनवारीचा आकडा या गोष्टी आंतर्देशीय पत्रात किंवा बंद पाकिटात जात. मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडून ठेवण्याची रीत होती. मजकूर वाचण्यापूर्वीच घरच्यांच्या मनाची तयारी व्हावी, हा त्यामागचा हेतू. ज्यांना वाचता येत नसे, ती माणसे पोस्टमनकडूनच पत्र वाचून घेत. खाजगीपणाची कल्पना परकीय आहे, आपल्या समाजाला तिचे कधी सोयरसुतक नव्हते, असे अधूनमधून सांगितले जाते. ते म्हणूनच पटत नाही. काय उघडे ठेवायचे आणि काय झाकायचे, हे पत्र लिहिणारा ठरवत असे. पाकिटाला लावलेला डिंक ही त्या निर्णयाची खूण होती.

आज आपले बंद पाकीट म्हणजे ई-मेल. दूरच्या नातलगाशी, डॉक्टरांशी, वकिलाशी, परीक्षा मंडळाशी, नोकरी देणाऱ्या संस्थेशी आपला व्यवहार त्यातून चालतो. परवलीचा शब्द दिल्याशिवाय ते उघडत नाही. त्यामुळे ते पाकिटाहूनही सुरक्षित आहे, अशी आपली समजूत असते. ही समजूत निम्मीच खरी आहे. पत्राची एकच प्रत असे. ती आपल्या हातून निघून पेटीत पडे आणि शेवटी ज्याची त्याला मिळे. मधल्या प्रवासात कोणी ते उघडलेच, तर डिंकावर, घडीवर, कागदाच्या कडेवर काहीतरी खूण राहण्याचा संभव असे. ई-मेलचे तसे नाही. ते पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सेवा-कंपन्यांच्या संगणकांतून जाते, आणि तेथे त्याची प्रत राहते. आपण ते वाचले तरी ती राहते. दहा वर्षे त्याकडे ढुंकून पाहिले नाही तरी राहते. कोणाला केव्हा लिहिले, किती वेळा लिहिले, कोणत्या यंत्रावरून लिहिले, याचीही नोंद होते. ती प्रत तिसऱ्याच कोणी वाचली, तर लिहिणाऱ्याला वा घेणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. ज्या पत्राची दुसरी प्रत कायम तिसऱ्याच्या कपाटात असते, त्याला पूर्वीच्या पत्रापेक्षा अधिक भक्कम कायदेशीर संरक्षण असायला हवे. प्रत्यक्षात काय आहे, ते पाहू.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. गुन्ह्याचा तपास कसा करावा, पुरावा कसा मिळवावा, याचे नियम तिच्यात आहेत. तिच्या कलम ९४ प्रमाणे तपासासाठी एखादा दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक संदेश आवश्यक वाटला, तर न्यायालय समन्स काढू शकते. आणि पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही लेखी आदेश देऊन तो ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडून मागवू शकतो. याच कलमाच्या शेवटी एक अपवाद आहे. टपाल खात्याच्या ताब्यात असलेले पत्र, पोस्टकार्ड, दस्तऐवज किंवा पार्सल यांना हे कलम लागू होत नाही. त्यासाठी कलम ९५ पाहावे लागते. तेथे हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय यांनाच दिलेला आहे. पोलीस आयुक्त किंवा जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक यांनाही एवढेच सांगता येते, की ते पत्र शोधून ठेवा आणि आदेश येईपर्यंत रोखून धरा.

म्हणजे ज्या पोस्टकार्डावरचा मजकूर वाटेतल्या कोणालाही वाचता येतो, ते टपालाच्या थैलीत असताना मागवायचे तर दंडाधिकाऱ्याची किंवा न्यायालयाची सही हवी. आणि परवलीच्या शब्दाने बंद केलेले, कंपनीच्या संगणकावर वर्षानुवर्षे पडून असलेले आपले ई-मेल मागवायला संहितेच्या शब्दांप्रमाणे ठाण्याच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश चालतो. हा भेद कोणी विचारपूर्वक केलेला दिसत नाही. तो जुन्या संहितेतून आलेला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ९१ व ९२ मध्ये हीच रचना होती. त्या काळी दूरच्या माणसाशी खाजगी बोलण्याची साधने टपाल आणि तार ही होती, आणि कायद्याने त्या दोन्हींचे रक्षण केले होते. पुढे १४ जुलै २०१३ रोजी तारसेवा संपली. नव्या संहितेतून 'तार' हा शब्द काळजीपूर्वक काढण्यात आला, 'इलेक्ट्रॉनिक संदेश' हे शब्द काळजीपूर्वक घालण्यात आले. पण ते घातले गेले ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या कलमात, दंडाधिकाऱ्याच्या कलमात नाही.

हा प्रश्न राज्यघटना तयार होत असतानाही निघाला होता. १९४७ साली मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे कन्हैयालाल मुनशी यांनी जो आराखडा ठेवला, त्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आराखड्यात व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण दिले होते. उपसमितीने पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क मान्य केला. त्यावर अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी आक्षेप घेतला, की असा हक्क दिला तर दिवाणी दाव्यांत खाजगी पत्रे पुरावा म्हणून आणणे अवघड होईल. शेवटी ते कलम गळाले. ३० एप्रिल १९४७ रोजी सोमनाथ लाहिरी यांनी घटना समितीत तशीच सूचना मांडली. तीही मान्य झाली नाही. अय्यरांची शंका क्षुल्लक नव्हती. तरीही एक गोष्ट मनाला चुटपुट लावते. परक्या सरकारने ज्यांची पत्रे फोडून वाचली, त्या पिढीनेच हा हक्क लेखी करण्याची संधी सोडली. त्या वेळी दोन ओळी लिहिल्या गेल्या असत्या, तर पुढची सत्तर वर्षे न्यायालयात वाद घालावा लागला नसता.

घटनेत शब्द नसल्यामुळे इंग्रजी अमदानीतले कायदेच चालू राहिले. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५ मध्ये सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल, तेव्हा संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला होता. पुढे दूरध्वनी आला आणि त्यालाही हेच कलम लागू झाले. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम २६ मध्ये टपालाबाबत तसाच अधिकार होता. तो अधिक विस्तृत करणारे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांनी १९८६ साली संमत केले. पण राष्ट्रपती ग्यानी झैल सिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. ते विधेयक कधीच कायदा झाले नाही. मात्र सदतीस वर्षांनी, २०२३ साली, नवा टपाल कायदा झाला. त्याच्या कलम ९ मध्ये टपाल अडवण्याच्या, उघडण्याच्या कारणांची यादी लांब आहे, आणि त्या अधिकाराचा वापर कोणत्या रीतीने तपासला जाईल याविषयी त्यात काही सांगितलेले नाही. पोस्टकार्डाचे कौतुक करताना हे दुसरे दार विसरून चालणार नाही.

दूरध्वनीच्या बाबतीत न्यायालयाने हस्तक्षेप केला तो १९९६ साली. राजकीय नेत्यांचे दूरध्वनी चोरून ऐकले जात असल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांनी निकाल दिला, की आपल्या घरात किंवा कार्यालयात दूरध्वनीवर बोलणे हा खाजगीपणाचाच भाग आहे. आदेश गृहसचिवांच्या पातळीवरच निघावा, तो दोन महिने चालावा, कितीही वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, उच्चाधिकाऱ्यांच्या समितीने तो तपासावा, अशा अटी न्यायालयाने घातल्या. परंतु आदेशापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही अर्जदारांची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. तशी तरतूद कायद्यात नसताना आम्ही ती घालू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. माझ्या मते आजच्या साऱ्या अडचणींचे मूळ या एका नकारात आहे. परवानगी मागणारे सरकारी अधिकारी, देणारे सरकारी अधिकारी, आणि ती योग्य होती की नाही हे पाहणारेही सरकारी अधिकारीच. ज्याचे बोलणे ऐकले जाते, त्याला यातले काहीच कळत नाही. मग त्याने दाद मागायची ती कशी?

पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचाच भाग असलेला मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 'आधार' योजनेविरुद्ध केलेल्या अर्जातून हा प्रश्न निघाला होता. शासनाला या हक्कावर मर्यादा घालायची तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश न्याय्य हवा, आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी या निकालाने दिली.

या कसोटीला ई-मेलविषयीचा कायदा लावून पाहा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालचा. त्याचे कलम ६९ २००८ मध्ये बदलले. संगणकातील कोणतीही माहिती अडवण्याचा, पाहण्याचा आणि तिचे सांकेतिक रूप उलगडून घेण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. माहिती उलगडून देण्यास नकार देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तार कायद्यातील दोन पूर्वअटी, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, या कलमात नाहीत. उलट तार कायद्यात नसलेले एक कारण यात आहे, ते म्हणजे कोणत्याही गुन्ह्याचा तपास.

एवढ्याशा शब्दांनी काय फरक पडतो, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१९ मधील एका निकालावरून दिसते. सार्वजनिक क्षेत्रातील बँकेच्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा आरोप एका व्यावसायिकावर होता. त्याचे दूरध्वनी ऐकण्यासाठी २००९-१० मध्ये तीन आदेश निघाले होते. न्यायालयाने विचारले, की यात सार्वजनिक आणीबाणी कोणती, आणि सार्वजनिक सुरक्षिततेला धोका कोणता? समाधानकारक उत्तर नव्हते. न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. आता कल्पना करा, की हाच मनुष्य दूरध्वनीवर बोलण्याऐवजी ई-मेल लिहीत असता. कलम ६९ खाली 'गुन्ह्याचा तपास' एवढे कारण पुरले असते. आवाजाला जे संरक्षण मिळाले, ते अक्षरांना मिळाले नसते. लाच देणाऱ्याची बाजू घेण्याचा येथे प्रश्न नाही. पण हक्काची परीक्षा सज्जनांच्या प्रकरणात क्वचितच होते.

दूरध्वनीला लागू असलेल्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली दूरसंचार कायदा झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये संदेश अडवण्याविषयीचे नवे नियमही आले. त्यांत सचिवांची परवानगी आणि सचिवांचीच समिती ही जुनी घडी तशीच राहिली. २०२३ चाच डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कंपन्यांच्या हावरेपणाला काही आळा घालील. परंतु केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या शासकीय यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा त्याच्या कलम १७ ने ठेवली आहे.

आदेश वरिष्ठ अधिकारीच देतात, मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. याचे उत्तर आकड्यांत आहे. निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात माहितीच्या अधिकारातून मिळालेल्या उत्तराचा हवाला दिला आहे. त्याप्रमाणे केवळ केंद्र सरकारच दरमहा सुमारे ७,५०० ते ९,००० आदेश काढत होते. दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येणार. समिती सलग आठ तास बसली आणि चहालाही उठली नाही, तरी एका आदेशाला दोन सेकंदही मिळत नाहीत. एवढ्या वेळात आदेश वाचता येत नाही, त्यावरचे नाव फार तर दिसते. गृहसचिवांच्या बाजूनेही हिशेब करून पाहावा: रविवार धरून रोज अडीचशे आदेश. त्या पदावर कितीही कर्तव्यदक्ष व्यक्ती असली, तरी इतक्या प्रकरणांत स्वतःची विवेकबुद्धी वापरणे तिला शक्य नाही.

आपल्यासारखाच जुन्या कायद्याचा पेच अमेरिकेत पडला होता. तेथे १९८६ साली इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या खाजगीपणाचा कायदा झाला. त्या काळी संगणकात माहिती साठवणे महाग होते. लोक संदेश उतरवून घेत आणि मूळ प्रत पुसली जाई. म्हणून सेवा-कंपनीकडे १८० दिवसांहून अधिक काळ पडून राहिलेला संदेश मालकाने जणू टाकूनच दिला, असे कायद्याने मानले आणि न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय तो मागवण्याची मुभा दिली. पुढे साठवण स्वस्त झाली, लोक वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार कंपनीकडेच ठेवू लागले, आणि जुना नियम अन्यायकारक ठरला. २०१० साली तेथील एका अपील न्यायालयाने ई-मेलची तुलना पत्राशी आणि दूरध्वनीशी करून मजकुरासाठी वॉरंट आवश्यक असल्याचे सांगितले. कायदा बदलण्याचे विधेयक २०१६ मध्ये प्रतिनिधी सभेत ४१९ विरुद्ध ० मतांनी संमत झाले; सिनेटमध्ये मात्र ते अडकले. तेथेही न्यायालय पुढे गेले आणि विधिमंडळ मागे राहिले.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आहे तो सुरक्षिततेचा, आणि मुंबईचा अनुभव ज्याला ठाऊक आहे त्याने तो हसण्यावारी नेऊ नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांच्यातील दूरध्वनी संभाषणे पोलिसांनी ऐकली व ध्वनिमुद्रित केली. हल्ला कोठून चालवला जात आहे, हे त्यातून उघड झाले. पुढे खटल्यातही ती संभाषणे पुरावा म्हणून उपयोगी पडली. अशा वेळी संदेश अडवण्याचा अधिकार शासनाला नसावा, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. पण तो प्रसंग जुन्या कायद्यातील सार्वजनिक सुरक्षिततेच्या अटीत सहज बसणारा होता. त्याच्या आधाराने महिन्याला हजारो आदेशांचे समर्थन कसे होऊ शकेल?

दुसरा आक्षेप सोपा आणि लोकप्रिय आहे: ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, त्याने घाबरावे कशाला? हे म्हणणारी मंडळी स्नानगृहाला कडी लावतातच. लपवणे म्हणजे गुन्हा, असे मानले तर डॉक्टरला आजार सांगणारा रोगी, वकिलाला खरी हकीकत सांगणारा पक्षकार, वरिष्ठांचा भ्रष्टाचार वार्ताहराला कळवणारा कारकून, सासरी होणारा छळ माहेरी कळवणारी मुलगी हे सगळेच संशयित ठरतील. यांतल्या एकाच्या मनात जरी शंका आली, की आपले लिहिणे तिसरा कोणी वाचत असेल, तर तो लिहिणारच नाही. जे पत्र लिहिलेच गेले नाही, त्याची तक्रार कोठेही नोंदवता येत नाही.

कायद्यात करायचा बदल अवाढव्य नाही. कलम ९४ मधून संदेशाचा मजकूर काढून तो कलम ९५ मध्ये पोस्टकार्डाच्या शेजारी बसवता येईल, आणि तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्याचे नाव वगळता येईल. कारण तो पदाने शेवटी शासनाचाच अधिकारी असतो. कलम ६९ मध्ये तार कायद्यातील दोन अटी घालता येतील. तपास संपल्यावर, ठरावीक मुदतीत, संबंधित व्यक्तीला कळवावे, अशी तरतूद करता येईल. म्हणजे निदान नंतर तरी तिला न्यायालयात जाता येईल. किती आदेश निघाले, याचा आकडा दरवर्षी संसदेपुढे ठेवला तर कोणतेही गुपित फुटत नाही. राहिला घाईच्या प्रसंगाचा प्रश्न. आजच्या नियमांतही अशी सोय आहे, की तातडीच्या वेळी तपास यंत्रणेचा प्रमुख स्वतः आदेश देतो, तीन कामकाजाच्या दिवसांत वर कळवतो, आणि कामकाजाच्या सात दिवसांत मंजुरी आली नाही तर संदेश अडवणे थांबवावे लागते. ही मंजुरी आज सचिव देतात. तेथे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश आणला, तर तपासाचा एक तासही वाया जाणार नाही.